मॉर्फिनची खिडकी: देतात नीट, बंद होते लवकर

२०१४च्या एनडीपीएस (अमली पदार्थ) कायद्याच्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थेला मॉर्फिन या तीव्र वेदनांवरच्या औषधासाठी ढीगभर परवाने लागत नाहीत. या कर्करोग केंद्रात ते जाणवतं. १० मिलिग्रॅमच्या साध्या गोळ्या, दर ४ तासांनी. चिठ्ठीवर 'दुखल्यास' नव्हे, घड्याळाच्या वेळा लिहितात. पोट साफ होण्याची गोळी पहिल्याच दिवसापासून. हे उत्तम, कारण मॉर्फिनची बद्धकोष्ठता सवयीने जात नाही. रिकाम्या पट्ट्या दाखवल्या, उरलेल्या गोळ्या मोजल्या की मगच पुढचा साठा. नातेवाईक वैतागतात, पण गोळ्या भलत्या हाती पडणं इथेच अडतं. रुग्ण गेल्यावर उरलेल्याही परत घेतात.

घोळ वेळेचा. खिडकी दुपारी १ला बंद, रविवारी सुट्टी, आणि बाहेरच्या मेडिकलात मॉर्फिन सहसा नसतंच. ४ दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच जावं.