स्केटबोर्डखालचा उजेड: रेडीमेड किट घ्यावं की पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग?

स्केटबोर्डखाली उजेड पाडणाऱ्या, ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त अंडरग्लो किटचा साचा एकच असतो. दोन एलईडी पट्ट्या, तीन पेन्सिल सेलचा प्लॅस्टिकचा डबा, छोटा कंट्रोलर आणि चपटा रिमोट. खोक्यावर नाव कोणतंही असो, आतला माल बहुतेक सारखाच. त्यातली पट्टी चांगली असते. बाकीचं सामान टीव्हीच्या मागे चिकटवण्यासाठी बनवलेलं असतं. टीव्ही जागचा हलत नाही. स्केटबोर्ड पेव्हर ब्लॉकवरून, चेंबरच्या झाकणांवरून खडखडत जातो. किट खराब होतं ते याच फरकामुळे.

उजेडाबद्दल तक्रार नाही. डेकचा, म्हणजे बोर्डाच्या फळीचा, तळ जमिनीपासून सात-आठ सेंटीमीटरवर असतो, त्यामुळे थोडाच उजेडही पुरतो. मात्र डांबर काळं असल्याने उजेड गिळून टाकतं. पेठांमधल्या काँक्रीटच्या गल्ल्यांत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीच पट्टी कितीतरी उजळ दिसते. नवी पट्टी रस्त्यावर फिकी वाटली तर आधी काँक्रीटवर बघा, मग परत करायचं ठरवा.

खरी अडचण डब्यात आहे. तीन अल्कलाइन सेलचे मिळून साडेचार व्होल्ट होतात. निळ्या आणि हिरव्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात, लाल दोनवरही पेटतो. सेल उतरायला लागले की आधी निळा मंदावतो, मग हिरवा, आणि रिमोटवर पांढरा लावलेला असताना बोर्डाखाली तांबूस उजेड पडतो. पट्टी बिघडली असं समजून लोक किट टाकून देतात. बदलायचे असतात फक्त सेल. रिचार्जेबल पेन्सिल सेल घातले तर हे पहिल्याच दिवशी दिसतं, कारण त्यांचे प्रत्येकी १.२ म्हणजे एकूण ३.६ व्होल्टच होतात.

दुसरं, डब्यातल्या स्प्रिंगा. हादऱ्याने सेल क्षणभर सुटतो, कंट्रोलर रीसेट होतो आणि लावलेला रंग जाऊन पहिला मोड सुरू होतो. झाकणाच्या आतून तीन-चार मिलिमीटर जाडीचा फोमचा तुकडा चिकटवला आणि स्प्रिंगा किंचित ताणून घेतल्या की हे बरंच थांबतं. तिसरं, रिमोट इन्फ्रारेडचा असतो, तो सेन्सरच्या समोरच धरावा लागतो. सेन्सर डेकखाली गेल्यावर रंग बदलायला दर वेळी बोर्ड उलटा करावा लागतो. किटच घ्यायचं असेल तर आरएफ (रेडिओ लहरींवर चालणारं) किंवा ब्लूटूथचं घ्या.

या किटला पाचपैकी अडीच गुण. सुटे भाग घेऊन जोडलेल्या संचाला चार, तेही नीट जोडला तर.

सुट्या भागांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि तिच्या आसपासची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. मागायचं ते असं: पाच व्होल्टची पट्टी, मीटरला ६० एलईडीवाली; एक १८६५० सेल (रिचार्जेबल लिथियम-आयन), २६०० एमएएचचा; सेलचा होल्डर; टीपी ४०५६ चार्जिंग मॉड्यूल; सेलचं व्होल्टेज पाचपर्यंत वाढवणारं एमटी ३६०८ बूस्ट मॉड्यूल; खटका, सिलिकॉनच्या वेष्टणाची मऊ वायर आणि हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून जोड झाकणारी नळी). चार्जिंग मॉड्यूल वीस ते चाळीस रुपयांत येतं, बूस्ट साधारण पन्नासला. चार्जिंग मॉड्यूल प्रोटेक्शनवालंच मागा. त्यावर एकाऐवजी तीन काळ्या चिप असतात आणि वायर जोडायला ‘आउट’ लिहिलेल्या दोन वेगळ्या टिकल्या असतात.

सेल घेताना घाई करू नका. ९९०० एमएएच छापलेला १८६५० खोटाच असतो. चांगल्या कंपन्यांचे सेल ३५००च्या आसपास थांबतात. अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो, हातात हलका लागला तर परत ठेवा. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेले सेलही विकले जातात. मल्टिमीटरवर अडीच व्होल्टच्या खाली दिसला तर असा सेल फुकटही घेऊ नये.

पट्टी किती घ्यायची? ३१-३२ इंची डेकवर दोन ट्रकच्या (चाकं धरणाऱ्या धातूच्या आसांच्या) आतल्या बोल्टांमध्ये साधारण १४ इंच, म्हणजे ३५ सेंटीमीटर अंतर असतं. बोर्ड पूर्ण झुकवून चाक डेकच्या सर्वांत जवळ कुठे येतं ते बघा आणि तिथून दोन बोटं सोडा. उरतात ३० सेंटीमीटर. दोन्ही बाजूंचे मिळून ६०, एलईडी ३६. नोज आणि टेलखाली, म्हणजे पुढच्या-मागच्या वर वळलेल्या टोकांखाली, काहीही लावू नका; प्रत्येक ऑलीला, म्हणजे बोर्डासकट मारलेल्या उडीला, टेल जमिनीवर आपटते. पट्टी कडेपासून दीड सेंटीमीटर आत लावा. डेक कडांना वर उचललेला असतो, त्यामुळे पट्टी आपोआप किंचित बाहेरच्या बाजूला तिरपी बसते आणि उजेड बाहेर पसरतो. रेलवर बोर्डस्लाइड करणाऱ्यांनी, म्हणजे डेकचा तळ घासत नेणाऱ्यांनी, मात्र या खर्चात पडू नये. पट्टी टिकणार नाही.

पहिल्यांदा करणाऱ्याने एकरंगी पट्टी घ्यावी: दोन वायरी, कंट्रोलर नाही, बिघडायला काही नाही. रंग खेळवायचेच असतील तर डब्ल्यूएस २८१२बी पट्टी (हिच्या प्रत्येक एलईडीत स्वतःची चिप असते) आणि ब्लूटूथचा छोटा कंट्रोलर. तिथे गणित सांभाळावं लागतं. प्रत्येक एलईडी पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअर ओढतो. ३६चे झाले २.१६ अँपिअर. एका सेलवरून एमटी ३६०८ एवढं देऊ शकत नाही. व्होल्टेज घसरतं, पट्टी लुकलुकते, मॉड्यूल हाताला चटका देतं. म्हणून अॅपमधून ब्राइटनेस एकतृतीयांशावर ठेवा किंवा एकेकच रंग वापरा. एका रंगाला एलईडीमागे साधारण २० मिलिअँपिअर, एकूण पाऊण अँपिअरच्या आत. बूस्टमधला तोटा धरून २६०० एमएएचचा सेल सव्वादोन तासांच्या आसपास चालतो.

या पट्टीवर बाण छापलेले असतात. डेटा बाणाच्याच दिशेने जातो, उलट जोडली तर काहीच पेटत नाही. एका बाजूच्या पट्टीच्या शेवटून वायर आडवी नेऊन दुसऱ्या पट्टीच्या सुरुवातीला द्यायची असते, त्यामुळे दुसऱ्या पट्टीचे बाण उलट्या दिशेने येतात. चिकटवण्याआधी टेबलावर मांडून पेटवून बघा. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: अॅपमधून बंद केली तरी प्रत्येक एलईडीची चिप सुमारे एक मिलिअँपिअर खात राहते. सेल दोन-तीन दिवसांत रिकामा होतो. म्हणून खटका हवाच, आणि तो बूस्टच्या आधी हवा.

जोडणीचा क्रम: सेल चार्जिंग मॉड्यूलच्या बी प्लस, बी मायनसला; आउट प्लसवरून खटका; खटक्यावरून बूस्ट; बूस्टवरून पट्टी. सेल उलटा घातला तर टीपी ४०५६ जळतं, उलट जोडणीपासून त्याला संरक्षण नसतं. होल्डरवर लाल मार्करने खूण करून ठेवा. बूस्टचं व्होल्टेज पट्टी न जोडता लावायचं. नवं मॉड्यूल कितीही व्होल्ट देत असू शकतं, २८ पर्यंतसुद्धा, आणि पट्टी क्षणात जाते. त्याचा पितळी स्क्रू डावीकडे दहा-पंधरा फेरे फिरवला तरी मीटर हलत नाही. मॉड्यूल खराब आहे असं समजू नका, फिरवत राहा. मग एकदम उतरायला लागतं. ५.० वर थांबा आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, नाहीतर हादऱ्याने सेटिंग सरकतं.

तुटतं ते सोल्डरपाशी. पट्टीच्या टोकाला वायर जोडलेली तांब्याची टिकली डेक वाकताना पहिली उखडते. लाँगबोर्डवर तर हमखास, कारण तो जास्त लवतो. सोल्डर झाल्यावर वायरीला छोटा वळसा द्या आणि जोडापासून दोन सेंटीमीटरवर ती डेकला पक्की करा, म्हणजे ताण जोडावर येत नाही. जोड झाकायला सिलिकॉन लावायचं तर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं, आम्लाचा वास नसलेलं मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन तांब्याला हिरवं करतं आणि काही आठवड्यांत जोड खातं.

डबा डेकच्या मधोमध लावण्याचा मोह टाळा. डेक सर्वांत जास्त मधेच वाकतो, कडक डब्याखालची टेप तिथे टोकांकडून सुटते. पुढच्या ट्रकच्या बेसप्लेटला (डेकला बोल्टने बसवलेल्या पट्टीला) लागून आतल्या बाजूला लावा. सेल १८ मिलिमीटर जाडीचा, डबा धरून उंची २५च्या आत राहते. स्पीड ब्रेकरला घासत नाही.

किटसोबत येणारी डबल टेप काढून टाका. थ्रीएमची व्हीएचबी ही मजबूत दुहेरी टेप घ्या. डेक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, टेप अंगठ्याने दाबत न्या. तिची पकड २० मिनिटांत निम्मी येते, २४ तासांत ९० टक्के, पूर्ण ७२ तासांनी. संध्याकाळी चिकटवून रात्रीच फिरायला निघालात तर दोष टेपचा नाही. सिलिकॉनच्या नळीतली वॉटरप्रूफ पट्टी मात्र कोणत्याच टेपला धरत नाही. ती क्लिप आणि बारीक स्क्रूने बसवा. सात थरांचा मेपल डेक सुमारे एक सेंटीमीटर जाड असतो, स्क्रू सहा मिलिमीटरपेक्षा लांब नको.

लाल-निळा आळीपाळीने लुकलुकणारा मोड रस्त्यावर वापरू नका, तो पोलीस आणि अँब्युलन्सचा आहे. जून ते सप्टेंबर डबा काढून ठेवता यावा म्हणून पट्टी आणि डब्याच्या मधे दोन पिनांचा जेएसटी कनेक्टर (काढता-घालता येणारा छोटा प्लग) टाका. डबा काढून घरात चार्ज करता येतो, २६०० एमएएचला तीन तासांच्या आसपास लागतात. चार्ज करताना खटका बंद ठेवा; पट्टी चालू राहिली तर सेल भरला हे मॉड्यूलला नीट कळत नाही. आपटून सेलवर चेप पडला असेल तर तो चार्जला लावूच नका, दुसरा घ्या.