तोकिया हॅट : येळ्ळूरच्या शिवारात दहा महिने

भाच्याने गेल्या दिवाळीत इक्वेडोरहून ही हॅट आणून दिली, तेव्हा घरचे म्हणाले, ही लग्नाकार्यात घाला, शिवारात नेऊ नका. मी नेली. मसुरीच्या भांगलणीला नेली, आता भाताच्या भांगलणीलाही तीच डोक्यावर आहे.

आधी एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी ‘पनामा हॅट’ म्हणून मी बाजारातून एक घेतली होती. वळवाच्या पहिल्याच सरीत ती लिबलिबीत झाली. पीळ दिलेला कागद होता तो! खरी पनामा हॅट म्हणजे हीच, इक्वेडोरची तोकिया हॅट. माल पनामामार्गे जगभर जायचा म्हणून ते नाव चिकटलं.

तोकियाला आपण गवत म्हणतो, पण ते ताडासारख्या दिसणाऱ्या झुडपाचं न उमललेलं पान. ते चिरतात, उकळतात, वाळवतात आणि मग विणतात. पोत जितका बारीक तितके दिवस जास्त. एका हॅटला एक दिवसापासून आठ महिन्यांपर्यंत लागतात. २०१२ साली युनेस्कोने या विणकामाची मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

माझी मध्यम पोताची आहे. डोक्यावर आहे हे विसरायला होतं. एप्रिलच्या उन्हात टॉवेल गुंडाळला की कपाळ उकडून निघायचं. हिच्यातून वारा खेळतो. फक्त आतली पट्टी घामाने काळी पडते, ती ओल्या फडक्याने पुसावी लागते.

पण मार्चमध्ये माझ्या हातून चूक झाली. रोज माथ्याची चिमट, म्हणजे पुढचा दाबलेला भाग, धरून हॅट काढायचो. हवा कोरडी, काडी कोरडी. चिमटीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी चीर पडली. जीव हळहळला. आमच्या गल्लीत बुट्ट्या-सुपं विणणाऱ्या बुरुडीण मावशी आहेत, त्यांना दाखवली. त्यांनी आधी हॅट उलटी केली आणि माथ्याच्या मधोमध, जिथून वीण सुरू होते तिथे, अंगठा फिरवला. तिथे मोजक्याच काड्या एकमेकींत गुंफल्यात आणि पुढे नव्या जोडत घेर वाढवलाय. मग कडेला पाहिलं. टोकं कापून शिवलेली नाहीत, उलटी वळवून विणीतच जिरवलीत. “ओलं असताना विणलंय बघा हे,” त्या म्हणाल्या, “सुकल्यावर कसं वाकंल?” खरंच, तिकडे ऊन चढलं की काडी वाळते, म्हणून सकाळ-संध्याकाळच्या दमट वेळी बोटं ओली करून विणतात.

तेव्हापासून कडेलाच धरतो. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा ओलसर फडकं फिरवतो. पत्र्याच्या छपराखाली किंवा गाडीत ठेवत नाही. गुंडाळून तर मुळीच नाही.

पावसासाठी मात्र ही नव्हे. जुलैत एकदा चिंब भिजली आणि कड लाटेसारखी झाली. पालथ्या पातेल्यावर घालून सावलीत वाळवली, मग केटलीच्या वाफेवर बोटांनी बसवली. नव्वद टक्के पूर्ववत झाली, डावी बाजू अजून जराशी झुकते.

अशा हॅटला साडेसात हजार रुपये मोजावेत का? रोज उन्हात राबणाऱ्याने मोजावेत, पण कडेची उलटी वीण आणि माथ्याची सुरुवात डोळ्यांनी बघून. चिरेला आतून मलमलचा तुकडा डकवलाय. यंदाची भाताची सुगी त्यावर सहज निघेल.