गुलाबपाणी कोणतं घ्यायचं: वाफेवरचं, मेडिकलचं की इसेन्स?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सांजोऱ्या, आमरस तर होतोच, पण आमच्याकडे पोरांना गुलाबजाम लागतात म्हणजे लागतातच. मग दरवर्षी तोच घोळ, गुलाबपाणी कोणतं आणायचं. परवा नणंदेने पण विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

मेडिकलमधलं तोंडाला लावायचं असतं. घरात पडलेलंच असतं म्हणून हात आधी तिकडेच जातो, पण बाटली फिरवून बघा, 'फक्त बाह्य वापरासाठी' लिहिलं असेल तर विषय संपला. खायच्या बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा, १४ आकडी नंबर असतो, तो नसेल तर मी घेतच नाही. आणि सरबताचं रोझ सिरप म्हणजे साखर आणि रंग, ते यात धरूच नका.

खरी मारामारी वाफेवरच्या गुलाबजलात आणि इसेन्समध्ये. उत्तर प्रदेशात अत्तराच्या कन्नौजला अजूनही तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, पाकळ्या आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपतात, खालून जाळ, आणि वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाऊन थंड होते. वाफेचंच पाणी ते, त्यामुळे त्याला रंग नसतो, बाटलीत गुलाबी दिसलं की समजा रंग टाकलाय. वास हलका, पण जिभेवर राहतो.

इसेन्स स्वस्त, २-३ थेंबात काम, टिकतोही खूप. पण हात सैल सुटला की गेलं. मागे घाईत मी २ किलो साखरेच्या पाकात बुचभर ओतला आणि अख्खं पातेलं अगरबत्तीसारखं झालं, सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त एक गुलाबजाम नाकाशी नेला आणि परत वाटीत ठेवला.

दुकानात बूच उघडून वास घेतला तर इसेन्सच जिंकणार, त्यावर जाऊ नका. घरी वाटीभर कोमट साखरपाण्यात गुलाबजल चमचाभर आणि दुसऱ्या वाटीत इसेन्सचा एक थेंब, दोन्ही चाखा. इसेन्सचं गिळल्यावर मागे कडवट लागतं, निदान मला तरी.

तरी इसेन्स टाकून देऊ नका हं! बर्फी-पेढ्यात गुलाबजल घातलं की मावा सैल पडतो, श्रीखंडाचा चक्का पातळ होतो, तिथे इसेन्सचा एखाद थेंब किंवा सरळ गुलकंद बरा. गुलाबजाम, बासुंदी, फिरनीला मात्र गुलाबजलच, आणि तेही गॅस बंद करून पाक कोमट झाल्यावर, उकळत्यात टाकलं तर वास शेजारच्या घरी जातो. किलोभर साखरेला २ मोठे चमचे घालून चाखायचं, मग वाढवायचं.

लेबनॉन-इराणकडचं ऑनलाइन मिळतं, चांगलं असतं, पण आपल्या पाकात वेलची पडतेच, तिच्यापुढे फरक कळत नाही, मग एवढा भाव मला नाही पटत. घरी करायचं तर पातेल्यात मधोमध वाटी, भोवती पाकळ्या आणि पाणी, झाकण उलटं, वर बर्फ. होतं, मी केलंय, पण दारातला वासाचा देशी गुलाब पाहिजे, बुकेतल्या लांब दांड्याच्या गुलाबाला वासच नसतो तर पाण्यात कुठून येणार, वर फवारणी झालेली ती वेगळीच.

आणि घेतलं तर लहान बाटली घ्या, मोठी स्वस्त पडते पण आपल्या भुसावळच्या ४५ डिग्रीत ओट्यावर राहिली की महिन्याभरात नुसतं पाणी उरतं. माझी फ्रीजच्या दारात असते, लोणच्यापासून लांब.