अकेडियात आम्हाला 'एकाच घरचे' करणारा गाइड

भारतातून सासू-सासरे आले की अमेरिकेतल्या मराठी घरांत फिरण्याचे बेत सुरू होतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जाहिरातींचा पूर येतो. आम्हाला भेटलेली जाहिरात मेन राज्यातल्या अकेडिया नॅशनल पार्कची होती. मराठी गाइड, पार्कालगतच्या बार हार्बर गावातल्या हॉटेलवरून पिकअप, समुद्रकाठच्या पार्क लूप रोडवर २७ मैलांची सैर आणि कॅडिलॅक माउंटनवरून 'अमेरिकेतला पहिला सूर्योदय'. माणशी १२० डॉलर. शिवाय पार्कची फी ३५ आणि कॅडिलॅकचं परमिट ६, तेही माणशी. पैसे 'झेल'ने (म्हणजे बँक खात्यातून थेट पाठवायच्या अमेरिकी सोयीने), आगाऊ.

आता यातली मेख बघा. आम्ही गेलो त्या २०२५च्या जुलैत खाजगी गाडीसाठी पार्कची फी ३५ डॉलर होती. संपूर्ण गाडीची, आणि सात दिवस चालणारी. कॅडिलॅकवर गाडी न्यायला २०२१पासून पर्यटनाच्या मोसमात आगाऊ वेळ घ्यावी लागते, तिचे ६ डॉलरही गाडीमागेच. आमच्या गाडीत दोन कुटुंबांचे मिळून नऊ जण होतो. म्हणजे ४१ डॉलरच्या जागी ३६९.

पहाटे साडेतीनला गाडी आली. कॅडिलॅकच्या पायथ्याशी रेंजरने, म्हणजे पार्कच्या कर्मचाऱ्याने, आरक्षणाचा क्यूआर कोड मागितला. गाइडने फोनवरचा एक स्क्रीनशॉट दाखवला. तो दिवसाच्या वेळेचा होता. सूर्योदयाचं आरक्षण वेगळं असतं. रेंजरने शांतपणे गाडी वळवायला सांगितलं. "ताई, यांची सिस्टिम बंद पडलीय, काळजी करू नका," असं म्हणत गाइडने आम्हाला परत बार हार्बरच्या धक्क्यावर आणून उभं केलं. सासरे बिचारे कानटोपी घालून तयार होते. बरं, तो 'पहिला सूर्योदय' कॅडिलॅकवर साधारण ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतच असतो. जुलैत नसतोच!

खरी गंमत पुढे. सँड बीचजवळच्या फी नाक्यापाशी येताच त्याने मागे वळून बजावलं, "कोणी विचारलं तर आपण सगळे एकाच घरचे, फिरायला आलोय." नाक्यावर त्याने एकाच गाडीचे ३५ डॉलर भरले. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पैसे घेऊन पार्कात माणसं फिरवायची तर पार्कची व्यावसायिक परवानगी लागते, आणि ती याच्याकडे नव्हती. ती असलेल्यांची यादी पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळते. नऊ परक्या माणसांचं एका दमात एकत्र कुटुंब करणारा असा माणूस एखाद्या वधू-वर सूचक मंडळाला तरी उपयोगी पडला असता.

थंडर होल या समुद्रकाठच्या खडकातल्या कपारीत लाटा चाळीस फूट उडतात, असं जाहिरातीत होतं. उडतातही, पण समुद्र खवळलेला असेल तर, आणि भरतीच्या तासा-दोन तास आधी. आम्हाला त्याने ऐन ओहोटीला नेलं. कपारीत पाणी नुसतं डुचमळत होतं. जॉर्डन पाँड या तळ्याकाठचं जेवण तर 'वेळ नाही' म्हणून गळलंच.

दोन दिवसांनी आमच्याच गाडीने गेलो. कॅडिलॅकच्या बऱ्याचशा वेळा दोन दिवस आधी सकाळी दहाला सरकारी संकेतस्थळावर खुल्या होतात. सहा डॉलरमध्ये दुपारची वेळ मिळाली. वरून फ्रेंचमन बे आणि त्यातली पॉर्क्युपाइन बेटं मनसोक्त बघितली. गाडी नसेल त्यांच्यासाठी उन्हाळ्यात आयलंड एक्स्प्लोररच्या फुकट बस असतात. त्या कॅडिलॅकच्या माथ्यावर जात नाहीत, पण सँड बीच, जॉर्डन पाँडला जातात.

२०२६पासून तर अकेडियासह अकरा पार्कांत, वार्षिक पास नसेल तर, अमेरिकेबाहेरून आलेल्या सोळा आणि त्यापुढच्या वयाच्या पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा पडतात. म्हणजे 'फी' म्हणून काहीही उकळायला अशा गाइडांना आणखी वाव. आई-बाबांना नेणार असाल तर फीची पावती आणि कॅडिलॅकच्या आरक्षणावरची तारीख-वेळ, दोन्ही पैसे देण्याआधी मागा.

झेलने गेलेले पैसे बँकेने परत मिळवून दिले नाहीत. तुम्ही स्वतःच पाठवलेत, म्हणाले. गाइडला फोन केला तर म्हणतो, "ताई, धुक्यामुळे सूर्योदय दिसला नाही, त्याचे पैसे मी कसे देणार?" त्या पहाटे आकाश निरभ्र होतं. धक्क्यावरचे फोटो आहेत आमच्याकडे, वेळेसकट.