लेझरडिस्क प्लेअर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या एका गॅरेज सेलमध्ये ऐंशीच्या दशकातला लेझरडिस्क प्लेअर, म्हणजे लेझरने डिस्क वाचून टीव्हीवर चित्रपट दाखवणारे यंत्र, आणि सोबत अकरा डिस्क मी घेतल्या. डिस्क 30 सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे एलपी रेकॉर्डएवढी. दोन्ही तळहातांत कडेने धरून ती ड्रॉवरमध्ये ठेवली की मोटर वेग घेताना मिक्सरसारखी घरघरते आणि चित्र उमटेपर्यंत थांबावे लागते. दुसऱ्याच महिन्यात ड्रॉवरचा रबरी पट्टा सैल पडला आणि तो बदलण्यात एक रविवार गेला.

डिसेंबर 1978 मध्ये फिलिप्स आणि चित्रपट क्षेत्रातली अमेरिकन कंपनी एमसीए यांचे हे तंत्र अटलांटात विक्रीला आले, तेव्हा मॅग्नाव्हॉक्सच्या प्लेअरचे झाकण वरून उघडावे लागे आणि आत हेलियम-निऑनची लेझर नळी असे. पायोनियरने ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात नळीच्या जागी लेझर डायोड आणला. माझे यंत्र त्यानंतरच्या पिढीतले आहे.

मला सर्वाधिक आवडते ते चित्र थांबवणे. सीएव्ही प्रकारच्या, म्हणजे कायम एकाच गतीने फिरणाऱ्या डिस्कवर एका फेऱ्यात चित्राची नेमकी एक चौकट (फ्रेम) असते आणि डिस्क मिनिटाला 1800 फेरे घेते, त्यामुळे लेझर त्याच फेऱ्यावर घुटमळला की चित्र जराही न थरथरता स्थिर राहते. व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटवर अशा वेळी पट्टे येत. मात्र त्यासाठी दर अर्ध्या तासाने उठून डिस्क उलटावी लागते. सीएलव्ही, म्हणजे फिरण्याची गती बदलत जाणारी डिस्क एका बाजूला तासभर चालते, पण माझ्या प्लेअरवर तिचे चित्र थांबत नाही. चित्र ॲनालॉगच असले, तरी व्हीएचएसच्या सुमारे 240 ओळींपुढे 400 हून अधिक ओळींचा फरक जुन्या ट्यूब टीव्हीवर सहज जाणवतो.

आरसीए या अमेरिकन कंपनीने 1981 मध्ये आणलेली सीईडी, म्हणजे सुईने वाचली जाणारी व्हिडिओ डिस्क, मी एका परिचितांकडे पाहिली. प्लास्टिकचे आवरण डिस्कसह आत सरकवायचे आणि रिकामे बाहेर ओढायचे, ही युक्ती गमतीची खरी; पण खोबणीतून सुई फिरवायची म्हणजे झीज ठरलेलीच, शिवाय तोवर व्हिडिओ कॅसेट घरोघरी पोहोचू लागली होती. 1984 मध्ये आरसीएने प्लेअरचे उत्पादन थांबवले.

लेझरडिस्कला सुईची झीज नाही, पण आतला ॲल्युमिनियमचा थर गंजतो. माझ्या अकरापैकी दोन डिस्कवर रंगीत ठिपके भुरभुरतात, आणि शेवटाकडे ते इतके दाटतात की चेहरे ओळखू येत नाहीत. हाताळताना त्याच डिस्क अगदी स्वच्छ वाटतात, म्हणून विकत घेण्याआधी दोन्ही बाजू लावून पाहण्याचा आग्रह धरावा.