आरक्षण की नगररचना योजना?

शहराच्या वेशीवर बाग, रस्ता किंवा नाल्याकाठची मोकळी पट्टी हवी असेल तर महापालिकेपुढे मुख्यतः दोन वाटा असतात: जमिनीवर आरक्षण टाकणे किंवा नगररचना योजना करणे. दोन्ही १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातल्याच.

आरक्षणात विकास आराखड्यावर एखाद्याच्या जमिनीला हिरवा रंग लागतो आणि त्याच बागेमुळे शेजाऱ्याच्या जमिनीचा भाव चढतो. मालकाला मोबदला किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो, पण कधी? १० वर्षांत जमीन घेतली नाही तर कलम १२७ खाली तो नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण उडते. बाग नकाशावरच राहते.

नगररचना योजनेत सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी आधी एकत्र धरतात, रस्ते, बागा, नाल्याची पट्टी काढतात आणि प्रत्येकाला आकाराने लहान पण रस्त्याला लागून असलेला अंतिम भूखंड परत देतात. तोटा सगळ्यांत वाटला जातो. मुंबईत विलेपार्ले-सांताक्रूझकडच्या जुन्या कागदपत्रांवर 'टीपीएस' (टाउन प्लॅनिंग स्कीम, म्हणजे नगररचना योजना) आणि 'फायनल प्लॉट नंबर' दिसतो, तो याच पद्धतीचा. मात्र लवाद, हरकती, सुनावण्या यांत वर्षे जातात. (गुजरातने ही पद्धत आपल्यापेक्षा जास्त वापरली, हे मान्य करायला हवे.)

भरवस्तीत एकच दवाखाना हवा असेल तर आरक्षण ठीक. नाला मात्र दहा-वीस मालकांच्या जमिनींतून वाहतो. तिथे मी योजनाच निवडेन, तीही बिनशेती होऊन प्लॉट पडण्याआधी.