पुरात बुडालेली बेस गिटार आणि मिरजेतले चाचा

सांगली-मिरजेत बेस गिटार दुरुस्त करणारं कुणी आहे का, असं मला वरचेवर विचारलं जातं. आहे. मिरजेत, सतारमेकर गल्लीत. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण ते चालवणाऱ्या चाचांनी तशी अट घातली आहे. त्यांचं रोजचं काम तानपुऱ्यांचं, गिटारवाल्यांची रांग लागलेली त्यांना नको आहे. गल्लीत जाऊन ‘गिटारला हात कोण लावतं?’ एवढं विचारा, पत्ता मिळेल.

माझी गिटार मी २००८ मध्ये पुण्यातून सेकंडहँड घेतली, साडेसहा हजारांना. तेव्हा सांगलीत आमचा चार जणांचा बँड होता. स्वतःची गाणी, मराठीत. ड्रमरच्या मामांचं मार्केट यार्डात हळदीचं गोडाऊन होतं, सौदे संपून शटर पडलं की रात्री आठनंतर ते आमचं. पोत्यांच्या थप्प्यांमुळे आवाज घुमायचा नाही. तसला कोरडा, स्वच्छ आवाज मला पुढे पैसे मोजलेल्या स्टुडिओतही मिळाला नाही. हळद मात्र सगळीकडे जायची. अँपच्या जाळीत, केबलच्या तोंडात, बोटांच्या पेरांत. घरी गेलो की आई आधी हात धुवायला लावायची.

तो बँड दोन वर्षं टिकला. गायकाला हैदराबादला नोकरी लागली. मग मी पुण्यातल्या दोन बँडमध्ये वाजवलं. शनिवारी सकाळी कोयना एक्सप्रेसच्या जनरल डब्यात गिटार मांडीवर उभी धरून जायचं, रविवारी रात्रीच्या एसटीनं परत. एकदा कोथरूडमधल्या एका छोट्या कॅफेत अकरा श्रोते होते, त्यातले तीन आमचेच मित्र. चौघांत मिळून बाराशे रुपये मिळाले. त्या रात्री आम्ही वाजवलं तितकं चांगलं पुन्हा कधी वाजवलं नाही, आणि त्याचं रेकॉर्डिंग म्हणून मोबाइलवरचा एक व्हिडिओ आहे, ज्यात माझी गिटार ऐकूच येत नाही. बेसची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, मोबाइलचा स्पीकर तिथपर्यंत पोचत नाही. बारा वर्षं छोट्या बँडांत वाजवलेल्या माणसाकडे स्वतःचा आवाज असलेलं रेकॉर्डिंग जवळजवळ नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून ही गिटार मला टाकवेना.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमचं घर गावभागात, तळमजल्यावर. आजीला, कागदपत्रांना आणि धान्याच्या डब्यांना वर शेजाऱ्यांकडे हलवलं. गिटार भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती, तिच्यापर्यंत पाणी येईल असं वाटलंच नाही. पाणी उतरल्यावर ती चिखलात पालथी सापडली. मी ती धुतली आणि गच्चीवर उन्हात ठेवली. ती माझी चूक. दोन दिवसांत मान वाकली, तारांखालची पट्टी एका टोकाला सुटली. मोठ्या शहरातल्या एका दुकानानं फोटो बघूनच नवीन घ्या म्हणून सांगितलं. मग ती चादरीत गुंडाळून अडीच वर्षं माळ्यावर पडून राहिली.

चाचांकडे गेलो २०२२ च्या उन्हाळ्यात. मिरजेत वाद्यं बनू लागली त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी ही सुरुवात केली, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई इथे राहिले, त्यांच्या कानांनी ही वाद्यं पारखली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण दुकानात शिरल्यावर यातलं काही जाणवत नाही. जाणवतो तो लाकडाचा भुसा, सरसाचा वास आणि छताला टांगलेले पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे.

चाचांनी गिटार उलटी-पालटी करून बघितली. “चारच तारा?” म्हणाले. मग सैल पडलेली जाड तार अंगठ्यानं ओढून कान लाकडाला लावला. “हा खर्ज हाय. ह्याचं लाकूड मेलेलं न्हाई. ठेव हितं.”

बेसच्या जाड तारेला खर्ज, म्हणजे तानपुऱ्याचा सर्वांत खालचा सूर, म्हणणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. बँडमध्ये असताना साउंडवाले माझा आवाज सर्वांत शेवटी वाढवायचे, तोही सांगितल्यावर.

आता कामाबद्दल. पहिले तीन आठवडे त्यांनी काहीच केलं नाही, गिटार सावलीत तानपुऱ्यांच्या रांगेत टांगून ठेवली. लाकडाला हवेशी जुळू दे म्हणाले. नंतर मान शेक देऊन शिकंजात धरली, थोडी थोडी सरळ केली. मानेतली लोखंडी सळई गंजली होती, ती सोडवून तेल दिलं. सुटलेली पट्टी सरसानं बसवली. फ्रेटना, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, ते पडदेच म्हणतात. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे खाचेत ठोकलेले, एक जरी वर राहिला तरी तार त्यावर घासते. हे त्यांनी मला विचारून विचारून समजून घेतलं आणि कानशीनं एकेक पडदा समपातळीत आणला. मी ऑनलाइन मागवलेली फ्रेटची तार त्यांना पसंत पडली नाही, फक्त सहा बदलले. पिकअपखालची, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी भागाखालची, पोकळी उघडली तर आत पुराचा वाळलेला चिखल, आणि त्याच्या खाली पिवळा थर. चाचांनी बोटावर घेऊन वास घेतला. “हळद?” मला गोडाऊनचं सगळं सांगावं लागलं. ऐकताना त्यांनी हातातली कानस खाली ठेवली होती.

नटचा प्रकार वेगळाच झाला. तारा ज्या पट्टीवरून खुंट्यांकडे जातात ती त्यांनी हाडाची घडवली आणि सवयीनं तिला जवारी काढली, म्हणजे तार झणकारावी असा हलका उतार दिला. मोकळी तार छेडली की तानपुऱ्यासारखा लांब झणकार. सतारीत तो वाद्याचा जीव, बेसमध्ये मात्र साथीच्या सगळ्या वाद्यांवर चढून बसतो. मी जरा भीतभीतच सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, दुसरी सपाट पट्टी घासून दिली आणि पहिलीही कागदात बांधून हातात ठेवली.

खर्च २,८०० रुपये. इलेक्ट्रिकचं काम ते करत नाहीत, पिकअप आणि व्हॉल्यूमचं काम मी सांगलीत वेगळं करून घेतलं. पंधरा दिवस म्हणाले होते, लागले नऊ आठवडे. फोन उचलत नाहीत, पावती देत नाहीत. मधे उरूस आला की दर्ग्यातल्या संगीत सभेसाठी गवयांचे तानपुरे आधी, तुमचं काम नंतर. पुढच्या महिन्यात कार्यक्रम असेल तर इथे टाकू नका. पाचव्या फ्रेटच्या वर मान अजून केसभर वाकडी आहे, ते त्यांनी स्वतःच दाखवलं आणि यापुढे जोर दिला तर चिरेल म्हणाले. मला वाजवताना त्याचा त्रास होत नाही.

परवा जुना ड्रमर सांगलीला आला होता. गोडाऊन आता भाड्यानं दिलंय, म्हणून त्याच्या मामांच्या अंगणातच बसलो. तो पोत्यावर हातानं ठेका धरत होता. मी गिटारवर आधी सपाट पट्टीनं वाजवलं, मग तारा सैल करून चाचांची जवारीची पट्टी बसवली आणि जाड तार मोकळी सोडली. मामा घरातून बाहेर आले आणि तानपुरा कुणी आणलाय म्हणून विचारायला लागले.